स्टीपलचेस : पाण्याआधी पाय थांबतात, काय करू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला, वय १९. बारावी झाली, सैन्यभरतीची तयारी चालू आहे. मातीच्या मैदानावर ५००० मीटर १५:४० मध्ये आणि १५०० मीटर ४:१४ मध्ये पळतो. ऑलिंपिक धावपटू अविनाश साबळेंमुळे स्टीपलचेसची, म्हणजे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची, ओढ लागली. आजवर दोन शर्यती पळालो. पहिलीत तिसऱ्या फेरीला पाण्यात पडलो. दुसरीत पहिली फेरी ७२ सेकंदांत गेली, पण शेवटी पाय उचलेनात आणि वेळ लागला १०:३८. पाण्याचा अडथळा जवळ आला की पाय आपोआप थांबतात. आमच्या मैदानावर एकही अडथळा नाही. सर म्हणतात, दोन वर्षं फक्त ५००० पळ. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. मला साबळेंसारखं व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

आधी पहिल्या फेरीचे ते ७२ सेकंद बघू, कारण तुझी दुसरी शर्यत तिथेच गेली. ५००० ला १५:४० पळणारा मुलगा सपाट ३००० मीटर साधारण ९:०५ च्या आसपास पळतो. म्हणजे अडथळे नसताना, सगळा जोर लावून, ४०० मीटरला साडेबहात्तर सेकंद. तू २८ साधे अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा अडथळा (तुळईच्या पलीकडे पाण्याचा खड्डा) असलेल्या शर्यतीची पहिली फेरी त्याहून जरा जास्तच वेगाने पळालास. मग शेवटी पाय कसे उचलणार?

मुरलेल्या स्टीपलचेस धावपटूचा सपाट ३००० आणि स्टीपलचेस यांतला फरक तीस सेकंदांच्या आसपास असतो. नवख्याचा पाऊण ते एक मिनिट. या हिशेबाने तुझी आजची खरी कुवत ९:५० ते १०:०५ ची आहे. दहा मिनिटं धरली तर ४०० मीटरला बरोबर ८० सेकंद. तुला ते फार हळू वाटेल, पहिल्या फेरीत सगळे पुढे निघून जातील, आणि तरीही तू ८० वरच राहायचं. इथे एक फसवी जागा आहे. शर्यत सुटल्यापासून पहिली पूर्ण फेरी सुरू होईपर्यंतच्या तुकड्यात अडथळा नसतो. मोकळा ट्रॅक आणि ताजे पाय, म्हणून सगळे तिथे उधळतात. तुझं घड्याळ तिथेच बिघडतं.

फेरीचे वेळ मोजताना आणखी एक लक्षात ठेव. पाण्याचा अडथळा ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तर फेरी ४०० मीटरपेक्षा थोडी लहान होते, बाहेरच्या बाजूला असेल तर मोठी. एका मैदानावरचे ८० सेकंद दुसऱ्या मैदानावर ८० नसतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिथल्या पंचांना किंवा प्रशिक्षकांना विचारून १००० आणि २००० मीटरची खूण कुठे येते ते बघून ठेव, आणि सरांना तिथे घड्याळ घेऊन उभं कर.

आता साबळेंबद्दल. त्यांच्यासारखं व्हायचं असेल तर त्यांची कारकीर्द आकड्यांनिशी वाच, कारण त्यात तुझ्या सरांच्या सल्ल्याचं उत्तर आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी नोकरी केली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला, आणि त्यानंतर प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे वळला. म्हणजे आज तुझं जे वय आहे, त्या वयात ते स्टीपलचेस पळतही नव्हते. घाई करण्याचं काही कारण नाही, हे यातून पहिल्यांदा समजून घे.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षांचा विक्रम सेकंदाहून थोड्या जास्त फरकाने गेला. तिथून पुढचे आकडे असे : ८:२८.९४, ८:२५.२३, ८:२१.३७, ८:२०.२०, ८:१८.१२, ८:१६.२१, ८:१२.४८, ८:११.२० आणि ७ जुलै २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये (जगातल्या अव्वल धावपटूंच्या स्पर्धांची मालिका) ८:०९.९१. दहा वेळा विक्रम मोडला, सहा वर्षांत मिळून एकवीस सेकंद कमी केले, आणि एका वेळी एकदाही चार सेकंदांहून जास्त नाही. तू १०:३८ वरून एका हंगामात नऊ मिनिटांवर उडी मारायची स्वप्नं बघत असशील तर ही यादी भिंतीवर लाव.

त्यात मे-जून २०२२ चा काळ नीट बघ. मे महिन्यात अमेरिकेत त्यांनी सपाट ५००० मीटर १३:२५.६५ मध्ये पळून बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा १३:२९.७० हा विक्रम मोडला. महिन्याभरात, ५ जूनला, रबातच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेसला ८:१२.४८. त्याआधी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत. सपाटीवरचं इंजिन मोठं झालं की अडथळ्यांवरचा वेळ आपोआप खाली येतो, हे त्यात स्वच्छ दिसतं. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचंही तसंच. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येणाऱ्या धावपटू म्हणून त्या माहीत होत्या, स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या.

म्हणून ५००० पळ हे सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धं आहे. दोन वर्षं अडथळा शिवायचाच नाही, हे पटत नाही. कमरेची मोकळीक आणि दोन्ही पायांनी झेप घ्यायची सवय १९ व्या वर्षी जितकी सहज लागते तितकी २२ व्या वर्षी लागत नाही. शर्यती कमी पळ, हवं तर वर्षात तीनच स्टीपलचेस पळ, पण अडथळ्याचा सराव आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, या आठवड्यापासून सुरू कर. सरांना हे असंच सांग. तुझा सपाट सराव त्यातून बुडत नाही हे दिसलं की ते नाही म्हणणार नाहीत.

मैदानावर अडथळा नाही ही अडचण सुटण्यासारखी आहे. शर्यतीतला अडथळा ८० ते १०० किलोचा, किमान ३.९४ मीटर रुंद, पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर आणि महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर उंच असतो. वरची तुळई १२.७ सेंटिमीटरची चौकोनी, म्हणजे बरोबर पाच इंच. एकट्याच्या सरावाला इतकी रुंदी लागत नाही. गावातल्या सुताराकडून दोन मीटर लांबीची पाच इंची चौकोनी तुळई घे, दोन्ही टोकांना खाली उलट्या टी आकाराचे पाय लाव, पायाची जमिनीवरची लांबी सव्वा मीटर तरी हवी, आणि त्यावर वाळूची पोती टाक. ढकलून बघ. हलला नाही पाहिजे. उंची बदलता यावी म्हणून पायांना ७६, ८४ आणि ९१ सेंटिमीटरवर भोकं पाडून जाड बोल्ट टाकून घे. लाकडाच्या कडा रंध्याने अगदी किंचित मारून घे आणि तुळईवर काळे-पांढरे पट्टे ओढ, नाहीतर संध्याकाळच्या उजेडात उंचीचा अंदाज चुकतो. झाडाचा गोल ओंडका मात्र वापरू नकोस. गोल लाकडावरून पाय सटकतो, आणि पाय तुळईच्या कडेवर कसा रोवायचा हेच तर तुला शिकायचंय. पावसाने भिजलेल्या तुळईवर चढायचं नाही, त्या दिवशी नुसते जमिनीवरचे ड्रिल कर.

अगदी पहिले दोन आठवडे या तुळईवरून पळूच नकोस. शाळेत धक्का लागला की पडणाऱ्या साध्या हर्डल्स असतील तर त्या घे, चार-पाच ओळीत लाव आणि बाजूने चालत फक्त मागचा पाय वरून काढ. गुडघा बाहेर, काखेच्या दिशेने वर, पायाची बोटं बाहेर वळलेली. मग पुढचा पाय. तिथे सगळ्यांची एकच चूक होते. पाय सरळ करून लाथेसारखा पुढे फेकतात. आधी गुडघा वर जायला हवा, पाय त्याच्या मागून उघडतो. छाती किंचित पुढे, नजर तुळईच्या वरच्या कडेवर. प्रत्येक बाजूला दहा-दहा वेळा, आणि ज्या पायाने अवघड जातं त्याने पंधरा.

दोन्ही पायांचा हट्ट का, ते सांगतो. एका फेरीत पाच अडथळे असतात, साधारण ७८-८० मीटरवर एक. एकटा पळत असशील तर पावलं जुळवून घेशील. घोळक्यात पुढच्याची पाठ दिसते, अडथळा दिसतच नाही. तो शेवटच्या क्षणी समोर येतो तेव्हा जो पाय पुढे असेल त्यानेच उडी घ्यावी लागते. एकाच पायाची सवय असलेला धावपटू तिथे दोन बारीक पावलं टाकतो, वेग मोडतो, आणि मग तो वेग परत मिळवायला जोर लावतो. एका अडथळ्याला असे ०.३ सेकंद गेले तर ३५ उड्यांना दहा सेकंद होतात. दमणूक वेगळीच.

उडी घ्यायची अडथळ्यापासून दीड ते पावणेदोन मीटरवरून. फक्कीने तिथे एक रेघ मार आणि दहा-बारा मीटर मागे दुसरी. दुसऱ्या रेघेपासून वेग किंचित वाढवायचा, कमी करायचा नाही. तुळईच्या वर शक्य तितकं कमी जायचं, कारण हवेत उंच गेलास की खाली आपटतोस. उतरताना टाच टेकवायची नाही, चवड्यावर, शरीराच्या बरोबर खाली पाय पडला पाहिजे, आणि लगेच पुढचं पाऊल. मित्राला मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करायला सांग. उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन पावलांत डोकं मागे जातंय का, एवढंच बघ. जात असेल तर तू फार जवळून उडी घेतोयस.

साध्या अडथळ्यावर पाय टेकवून गेलं तर चालतं, नियमात आहे. गर्दीत अंदाज चुकला तर बिनदिक्कत टेकव. पडण्यापेक्षा अर्धा सेकंद गेलेला परवडतो. मात्र अडथळ्याच्या बाजूने पाय खालून नेलास तर बाद होशील.

आता पाणी. तुझे पाय आपोआप थांबतात असं तू लिहिलंयस. ते भित्रेपणामुळे होत नाही, नजरेमुळे होतं. शेवटच्या पाच-सहा पावलांत तू पाण्याकडे किंवा तुळईच्या बुडाकडे बघतोस. मग पावलं लहान होतात, वेग जातो, अगदी जवळून वर उडी मारावी लागते, तुळईवर जवळजवळ उभा राहतोस आणि तिथून सरळ खाली पडतोस. खाली नेमकं सर्वांत खोल पाणी असतं. अडथळ्यालगत पाण्याची खोली नव्या मापाप्रमाणे ५० सेंटिमीटर, जुन्या खड्ड्यांत ७० सेंटिमीटर, आणि तळ पुढे चढत जाऊन दुसऱ्या कडेला ट्रॅकच्या पातळीला मिळतो. अडथळ्यासकट लांबी ३.६६ मीटर. जितका लांब पडशील तितकं पाणी उथळ. हळू आल्याने धोका कमी होतो असं मनाला वाटतं, प्रत्यक्षात हळू येणाराच खोल पाण्यात पडतो. तुझी पहिली शर्यत तशीच गेली असणार.

बरोबर उडीत असं घडतं. पंधरा मीटरवरून वेग वाढवायचा. नजर तुळईच्या वरच्या कडेवर. दीड मीटरवरून झेप, आणि पाय तुळईवर असा पडायचा की चवडा पुढच्या कडेवर येईल, बोटं कडेच्या थोडी पुढे आणि स्पाइक्सचे (धावण्याच्या बुटांचे) खिळे त्या कडेत रुततील. गुडघा काटकोनाइतका वाकलेला राहू दे. इथेच बहुतेक जण गुडघा सरळ करून ताठ होतात आणि सगळा वेग वर निघून जातो. बसक्या अवस्थेतच शरीर पायावरून पुढे जाऊ द्यायचं, कंबर तुळईच्या पुढे गेली की मग मागे ढकलायचं. वर नाही, पुढे. पाय टेकला की नजर पाण्याच्या पलीकडच्या कडेवर, खाली अजिबात नाही. उजवा पाय तुळईवर असेल तर डावा पाण्यात उतरतो, कडेच्या आत फूटभर, आणि पुढचं उजवं पाऊल कोरड्यावर. दोन्ही पाय एकदम पाण्यात पडले तर तू जागीच थांबलास. काही मोठे धावपटू तुळईवर पाय न टेकवता पाणी ओलांडतात, ते बघून तू तसं करायला जाऊ नकोस, निदान दोन वर्षं तरी.

याचा सराव पाण्याशिवाय होतो. लांब उडीच्या खड्ड्याच्या कडेला तुझा लाकडी अडथळा लाव. वाळू खोदून मऊ कर, तुळईपासून तीन मीटरवर आणि सव्वातीन मीटरवर फक्कीच्या रेघा मार, आणि त्या दोन रेघांमध्ये एका पायावर उतरून पळत बाहेर निघ. आधी दोन आठवडे ४५ सेंटिमीटरच्या भक्कम खोक्यावरून, मग ७६ वर, मग ९१ वर. एका वेळी सहा ते आठ उड्या, त्याहून जास्त नाहीत, आणि त्या सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. सातवी-आठवी उडी बिघडली तर तिथेच थांबायचं. बिघडलेली उडी दहादा मारलीस तर तीच सवय लागते. दोन महिन्यांनंतर, ९१ वर पाय स्थिर पडायला लागला की मग दमलेल्या पायांचा सराव. ४०० मीटर ८० सेकंदांत पळ आणि लगेच वाळूवरून उडी. असं चारदा.

खऱ्या पाण्यावर महिन्यातून एकदा तरी जायला हवं. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सोय आहे. जाण्याआधी परवानगी आणि खड्डा भरलेला असेल की नाही हे फोनवर विचार, कारण एरवी हे खड्डे कोरडे असतात. कोरड्या खड्ड्यात कधीही उडी मारू नकोस. पाणी पायाचा धक्का बराच खाऊन टाकतं, ते नसलं की सगळा मार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. पाणी असलं तरी आधी आत उतरून तळ पायाने चाचपून बघ. पलीकडच्या उतारावर रबराचा थर असायला हवा. तो उखडलेला असेल किंवा शेवाळं असेल तर त्या दिवशी फक्त कोरडे अडथळे कर.

पाण्याच्या अडथळ्याचा मान भल्याभल्यांना ठेवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये साबळे तिथेच पडले आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. साध्या अडथळ्याचंही तेच. ७:५२.११ हा जागतिक विक्रम नावावर असलेला इथियोपियाचा लमेचा गिर्मा पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत शेवटच्या फेरीला अडथळ्यात पाय अडकून पडला आणि स्ट्रेचरवरून न्यावा लागला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. घोटा आणि गुडघा मजबूत करण्याचे व्यायाम कंटाळवाणे म्हणून मुलं सोडून देतात, म्हणून सांगतो. एका पायावर बसक्या, तिनदा आठ. एका पायावर टाच उचलणं, पायरीच्या कडेवर, तिनदा पंधरा. एका पायावर उभं राहून तोल, डोळे मिटून अर्धा मिनिट. आठवड्यातून तीनदा, कुठेही होतात.

आठवडा असा लाव. सोमवारी ५० मिनिटं हलकं पळणं आणि वीस मिनिटं अडथळ्याचे ड्रिल. मंगळवारी पाच वेळा १००० मीटर, ३:१८ ते ३:२० मध्ये, मध्ये अडीच ते तीन मिनिटं विश्रांती. पहिला महिना हे सपाट. दुसऱ्या महिन्यात फेरीला एक अडथळा, मग दोन, मग तीन. तीनवर पोचलास की पाच तुकड्यांत मिळून ३५ च्या आसपास उड्या होतात, म्हणजे एका शर्यतीइतक्या. वेळ ३:२५ च्या वर जायला लागला तर अडथळे कमी कर, वेग नाही. बुधवारी तासभर हलकं. गुरुवारी २० ते २५ मिनिटं सलग, किलोमीटरला ३:२३ ते ३:२८ ने. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी वाळूच्या खड्ड्यावरच्या उड्या आणि नंतर चढावर दहा वेळा २० सेकंद. रविवारी ८० ते ९० मिनिटं, गप्पा मारता येतील अशा वेगाने, शक्यतो मातीच्या वाटेवर. एकूण ७५ ते ८५ किलोमीटर. सध्या याहून खूप कमी पळत असशील तर दर आठवड्याला पाच-सहा किलोमीटर वाढव आणि चौथ्या आठवड्याला थोडं खाली आण.

भरतीचा आणि या सरावाचा झगडा नाही. १५०० ला ४:१४ असलेल्या मुलाला भरतीच्या १६०० मीटरची चिंता नको. मुलं रोज घड्याळ लावून १६०० पळतात, त्यातून फक्त नडगी दुखते. तू आठवड्यातून दोनदा बीम (पुल-अप्स) मार, उंची-छातीची मापं आणि कागदपत्रं बघून ठेव, बाकी पळणं वरच्या आठवड्याप्रमाणेच. साबळेंना पळण्याची वाट सैन्यातूनच सापडली, तेव्हा घरच्यांचं 'आधी नोकरी' हे तुझ्या आड येत नाही. नोकरी लागली तर युनिटच्या क्रॉसकंट्री संघात नाव द्यायचं. नाहीतर खेळाडू म्हणून सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी जिल्हा आणि राज्य स्पर्धांचं प्रत्येक मूळ प्रमाणपत्र जपून ठेव. कोणत्या स्पर्धेचं कोणतं स्थान धरलं जातं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आत्ताच विचार, स्पर्धा झाल्यावर नाही.

बुटांवर आत्ता खर्च करू नकोस. लांब पल्ल्याचे साधे स्पाइक्स पुरतात, फक्त वरचा भाग जाळीचा हवा म्हणजे पाणी निघून जातं. मोजे पातळ घाल किंवा घालूच नकोस, पण तसं आधी सरावात करून बघ, नाहीतर तिसऱ्या फेरीला फोड येतो. वाचलेले पैसे रक्ततपासणीला ठेव : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), वर्षातून दोनदा. तुझ्या वयात किलोमीटर वाढवले की लोह कमी पडतं आणि धावपटूला वाटतं आपला सरावच चुकतोय. लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. आणि भरतीच्या मैदानांवर ताकदीची पावडर किंवा इंजेक्शन देणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत सापडलास तर कोणी दिलं, तुला माहीत होतं की नाही, याने बंदी टळत नाही.

शर्यतीत कुठे पळायचं, हेही शिकून घे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत साबळेंना दुसऱ्या धावपटूमुळे अडथळा आला. भारतीय संघाने तक्रार केली, ती मान्य झाली, ते अंतिम फेरीत गेले आणि तिथे ८:२१.३७ पळून तेरावे आले. तक्रारीचा हक्क असतो आणि त्याला मुदत असते, हे तुझ्या सरांनाही माहीत असू दे. पण अडथळ्यापाशी घोळक्याच्या आत न सापडणं हे त्याहून बरं. पहिल्या लेनच्या बाहेरच्या काठाने पळ. फेरीमागे चार-पाच मीटर जास्त पडतात, पण तुळई स्पष्ट दिसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये साबळे राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरीत पोचले नाहीत. पॅरिसला नियम बदलला होता, प्रत्येक प्राथमिक फेरीतून पहिले पाच थेट पुढे. तिथे ८:१५.४३, म्हणजे स्वतःच्या विक्रमापेक्षा साडेपाच सेकंद हळू पळून, पाचवे आले आणि अंतिम फेरी गाठली. तुझ्या जिल्हा स्पर्धेतही पुढे किती जण जाणार, हे शर्यतीआधी विचारून घे आणि त्याप्रमाणे पळ.

पुढची स्टीपलचेस आजपासून पाच महिन्यांच्या आत पळू नकोस. त्याआधी सपाट ३००० च्या दोन शर्यती पळ, आणि नऊ मिनिटांच्या आत आलास की समज पाया तयार होतोय. स्टीपलचेसच्या दिवशी पहिला किलोमीटर ३:२२, दुसरा ३:२०, तिसरा ३:१८. शेवटच्या पाण्याच्या अडथळ्यानंतर एकच अडथळा उरतो, तोवर कोणाच्याही मागे धावत सुटायचं नाही. शर्यत झाली की तीनही किलोमीटरचे वेळ आणि पाण्यात दोन्ही पाय किती वेळा पडले, एवढं लिहून पाठव. त्यावरून पुढचा सराव ठरवता येईल.